नवे म्हणजे काय? : एका आरशाच्या निमित्ताने

'पेटंट' या शब्दाला आपल्या परिभाषा कोशांनी 'एकस्व' हा प्रतिशब्द दिला आहे. शब्द सुबक आहे, उच्चारायला सोपा आहे आणि तरीही तो कोणी वापरत नाही. 'एक' आणि 'स्व' : जे एकट्याचे, एकाच्याच मालकीचे, ते एकस्व. मूळ शब्दाचा अर्थ मात्र नेमका उलट्या दिशेने जातो. लॅटिनमधील ज्या धातूपासून 'पेटंट' आला त्याचा अर्थ 'उघडे असणे'. राजाने काढलेले, पण मोहोर लावून बंद न केलेले, ज्याला हवे त्याने वाचावे असे पत्र, ते 'लेटर्स पेटंट'. एक शब्द 'माझे' म्हणतो, दुसरा 'उघडे' म्हणतो. गंमत अशी की दोन्ही खरे आहेत. संशोधकाने आपली युक्ती इतकी उघड करून सांगायची, की त्या विषयातल्या जाणकाराला ती वाचून स्वतः करता यावी. आणि या उघडेपणाच्या मोबदल्यात राज्याने इतरांना काही वर्षे त्या युक्तीपासून दूर ठेवायचे. आज भारतात ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. मराठी शब्दाने सौद्याची एक बाजू पकडली, इंग्रजी शब्दाने दुसरी. संपूर्ण सौदा सांगणारा शब्द कोणत्याच भाषेत नसावा.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. पेटंटांशी आमचा संबंध यावा असे काही कारण नव्हते. कनिष्ठ महाविद्यालयात आमच्याकडे मराठी शिकलेला एक विद्यार्थी पुढे रसायनशास्त्रात गेला आणि आता पेटंट अर्जांचे मसुदे करण्याच्या व्यवसायात आहे. त्याला या विषयावर मराठीतून व्याख्यान द्यायचे होते. "सर, मॅडम, रसायन मी सांगतो, शब्द तुम्ही सांगा," असे म्हणून त्याने कागदांचा एक गठ्ठा आमच्यापुढे ठेवला. गठ्ठा एकाच वस्तूविषयी होता : विजेचा दाब दिला की रंग बदलणारी काच, आणि त्या काचेपासून बनलेले आरसे, खिडक्या, भिंगे. शब्द शोधता शोधता आम्ही त्या कागदांत असे गुंतलो, की व्याख्यान होऊन गेले तरी वाचन थांबले नाही. कारण हळूहळू आमच्या लक्षात आले, की पेटंट कार्यालयातला परीक्षक जे काम करतो ते आमच्याच कामाचे चुलत भावंड आहे. समोरच्या लिखाणात नवे काय आहे, हे ठरवणे.

आधी ती वस्तू समजावून घेऊ. टंगस्टन या धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर काचेवर दिला, तर तो जवळजवळ पारदर्शक असतो. विजेचा अल्पसा दाब देऊन त्यात हायड्रोजनचे किंवा लिथियमचे आयन आणि त्यांच्या जोडीने इलेक्ट्रॉन शिरवले, की तो गडद निळा होतो. दाब उलटा केला की आयन बाहेर पडतात आणि काच पुन्हा स्वच्छ होते. दोन पारदर्शक वाहक थर, त्यांच्यामध्ये हा रंगणारा थर, आयन वाहून नेणारा विद्युत अपघटनी थर आणि समोर आयन साठवणारा थर, अशी ही पाच पदरांची रचना. अमेरिकन सायनामिड या कंपनीत काम करणाऱ्या एस. के. देब यांनी १९६९ आणि १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांपासून या विद्येचा आधुनिक इतिहास सुरू होतो, असे सामान्यतः मानले जाते.

दुसरा प्रकार द्रावणाचा. यातला मुख्य नट 'व्हायोलोजेन' हा पदार्थसमूह. इलेक्ट्रॉन मिळताच तो जांभळा-निळा होतो, म्हणून १९३० च्या दशकात त्याला हे नाव मिळाले. तेव्हा तो प्रयोगशाळेत रासायनिक स्थिती दाखवणारा दर्शक म्हणून वापरला जाई. याच समूहातला मिथिल व्हायोलोजेन पुढे 'पॅराक्वाट' या नावाने तणनाशक म्हणून जगभर गेला. आपल्या शेतकऱ्यांना ते नाव आणि त्याची भयंकर विषबाधा दोन्ही ठाऊक आहेत. प्रयोगशाळेतला दर्शक, बांधावरचे विष आणि मोटारीतला आरसा : एकाच कुळातल्या पदार्थांचे हे तीन जन्म. मग प्रश्न उभा राहतो. पदार्थ जुना, गुणधर्म जुना, तर आरशात नवे काय?

भारतीय पेटंट कायद्याचे (१९७०) कलम ३(ड) या ठिकाणी कडक आहे. माहीत असलेल्या पदार्थाचा केवळ नवा गुणधर्म सापडला किंवा केवळ नवा उपयोग सुचला, तर तो कायद्याच्या दृष्टीने शोध नव्हे. पण त्या पदार्थाला सामावून घेणारे नवे उपकरण ही निराळी गोष्ट आहे. ते कसोट्यांना उतरले तर पेटंट मिळू शकते. म्हणजे 'काय' जुने असले तरी 'कसे' नवे असू शकते. साहित्याच्या अभ्यासकाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. रामकथा कोणाच्या मालकीची नाही, आणि तरी प्रत्येक रामायण वेगळे आहे, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतोच.

आता आरसा. रात्री गाडी चालवताना मागच्या वाहनाचे प्रखर दिवे आरशातून डोळ्यांवर येतात. पूर्वी त्यावर उपाय म्हणजे आरशाखालची एक छोटी दांडी हाताने ओढणे. १९८७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या जेन्टेक्स या कंपनीने आपोआप मंद होणारा विद्युत्‌वर्णी आरसा बाजारात आणला. ('विद्युत्‌वर्णी' हा शब्द आमचा, वाचकांना याहून बरा सुचल्यास आम्ही आनंदाने आमचा मागे घेऊ.) एक संवेदक पुढचा अंधार पाहतो, दुसरा मागचा झोत पाहतो, फरक पुरेसा असला की आरशातील द्रावणाला सुमारे एक व्होल्टचा दाब मिळतो आणि आरसा काळवंडतो. त्यामागच्या रसायनाचे एक महत्त्वाचे पेटंट हार्लन बायकर यांच्या नावे १९९० च्या फेब्रुवारीत मंजूर झाले. क्रमांक ४९०२१०८. त्याच्या शीर्षकातच तीन विशेषणे आहेत. मराठीत आम्ही ती अशी केली : एककक्षी, स्वयंपुसट, द्रावणस्थ.

'स्वयंपुसट' या शब्दाशी आम्ही बराच वेळ थांबलो. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीतील संशोधकांनी १९७३ साली याच व्हायोलोजेन कुळातल्या एका पदार्थाचा दर्शक-पडदा प्रसिद्ध केला होता. त्यांनी त्याचे वैशिष्ट्य सांगितले ते 'स्मृती' हे. रंगलेला पदार्थ द्रावणातून बाहेर पडून विद्युतअग्रावर साय धरावी तसा बसे, आणि वीज काढली तरी आकृती टिकून राही. आकडे दाखवणाऱ्या पडद्याला हे वरदान आहे. आरशाच्या बाबतीत मात्र हाच गुण घातक ठरेल. रस्त्यात वीजपुरवठा तुटला आणि आरसा काळाच राहिला, तर चालकाला मागचे दिसणार कसे? म्हणून आरशाला स्मृती नको, विस्मृती हवी. बायकर यांच्या रचनेत एका अग्रावर व्हायोलोजेनसारखा पदार्थ इलेक्ट्रॉन घेऊन रंगतो, समोरच्या अग्रावर दुसरा पदार्थ इलेक्ट्रॉन देऊन रंगतो. दोघेही द्रावणातच राहतात, हळूहळू एकमेकांकडे सरकतात, भेटले की देवघेव करून पुन्हा रंगहीन होतात. वीज चालू असेपर्यंत हा उद्योग चालतो. वीज थांबली, की उरलेला रंग आपोआप विरतो. एकाच्या दृष्टीने जो रंग 'टिकत नाही', तोच दुसऱ्याच्या दृष्टीने 'स्वतःहून पुसला जातो'. दोष आणि गुण यांच्यामध्ये कधी कधी केवळ एका उद्दिष्टाचे अंतर असते.

असा अर्ज परीक्षकापुढे येतो तेव्हा तो काय करतो? प्रथम वर्गीकरण पाहतो. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात या विद्येचे घर 'जी ०२ एफ १/१५' हे आहे. त्याच्या आसपास द्रावणांसाठी, अग्रांसाठी, आरशासारख्या प्रकाशीय साधनांशी केलेल्या जोडणीसाठी निरनिराळे उपविभाग आहेत. मग तो 'दावे' वाचतो. अर्जाचे वर्णन कितीही पानांचे असो, कायद्याने कुंपण पडते ते शेवटच्या क्रमांकित दाव्यांनी. दाव्यातील प्रत्येक वाक्य परीक्षक घटकांत तोडतो : दोन आधारपट, त्यांपैकी एक पारदर्शक, त्यांमधील कक्ष, कक्षातील द्रावण, द्रावणातील दोन पदार्थ, त्यांचे परस्परांशी वर्तन. आणि एकेक घटक घेऊन पूर्वीच्या वाङ्‌मयात शोधू लागतो.

इथे दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवावे लागतात. पहिला नावीन्याचा : हे सगळे घटक, याच जुळणीने, एखाद्या एकाच पूर्वीच्या लेखात आलेले आहेत काय? आले असतील तर प्रश्न संपला. नसतील तर दुसरा, जास्त अवघड प्रश्न सुरू होतो : एका लेखातून हे, दुसऱ्यातून ते घेऊन, 'त्या कलेत निष्णात असलेल्या व्यक्तीला' ही जुळणी सहज सुचली असती काय? ही निष्णात व्यक्ती कायद्याने कल्पिलेली आहे. तिने क्षेत्रातले सर्व काही वाचले आहे, हात कसबी आहेत, पण प्रतिभा बेताची. आपल्या काव्यशास्त्रातला 'सहृदय' असाच कल्पिलेला वाचक. काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय, असे अभिनवगुप्ताने म्हटले आहे. कायद्याचा निष्णात आणि शास्त्राचा सहृदय यांच्यात फरक एवढाच, की एकाला चकित होण्याची परवानगी नाही आणि दुसऱ्याचे सारे कार्य चकित होण्यातच आहे. परंतु दोघांची गरज एकच : निर्णय 'मला वाटते' यावर न सोडता, एका शिक्षित मनाच्या कल्पनेवर टेकवणे.

युरोपीय पेटंट कार्यालयाच्या पद्धतीतला एक भेद तर आम्ही व्याकरणाच्या तासाला सांगू लागलो आहोत. निष्णात व्यक्ती हे 'करू शकली असती' काय, असे विचारायचे नाही. तिने हे 'केले असते' काय, असे विचारायचे. शक्यतेची मर्यादा मोठी आहे; उत्तर हाती आल्यावर सगळेच शक्य वाटते. पण त्या माणसाने, त्या दिवशी, तेवढ्याच ज्ञानावर, या दिशेला पाऊल टाकण्याचे काही कारण होते काय? १९७३ चा स्मृतीवाला पडदा वाचून कोणी विस्मृतीचा आरसा केला असता काय? एका क्रियापदाच्या रूपात पश्चात्‌बुद्धीला आवर घालण्याची ताकद आहे.

शब्दांचा दुसरा सापळा याहून अवघड. 'इलेक्ट्रोक्रोमिझम' हा शब्द जॉन प्लॅट यांनी १९६१ साली वापरला, पण त्यांच्या मनात होते ते विद्युतक्षेत्राने रंगद्रव्याच्या प्रकाशशोषणात होणारे स्थलांतर. आज ज्या रासायनिक देवघेवीला आपण त्या नावाने ओळखतो ती गोष्ट निराळी. उलट, बाल्झर्स या लिखटेनस्टाइनमधील कंपनीत क्राउस नावाच्या संशोधकाने टंगस्टन ऑक्साइडच्या थराचे असे रंगणे १९५३ सालीच आपल्या प्रयोगवहीत नोंदवले होते, तेव्हा या अर्थाने तो शब्दच नव्हता. म्हणजे शब्द आहे तिथे वस्तू नाही, आणि वस्तू आहे तिथे शब्द नाही. शब्द जुळला म्हणून अर्ज नाकारणारा किंवा शब्द जुळत नाही म्हणून मंजूर करणारा परीक्षक दोन्हीकडून फसेल. आणखी एक कठोर गोष्ट : क्राउसची ती वही कंपनीच्या कपाटात होती, प्रसिद्ध नव्हती. इतिहासकार तिची दखल घेईल. पेटंटचा कायदा साधारणपणे घेणार नाही. जे लोकांना उपलब्ध झाले नाही ते पूर्वज्ञान नव्हे.

हे सारे आम्हांला इतके जवळचे का वाटले, ते सांगायला हवे. त्याच सुमारास आमच्या विभागात एका विद्यार्थिनीच्या पीएच. डी.च्या प्रबंधावरून आम्हां दोघांत मतभेद झाला होता. विषय जात्यावरच्या ओव्यांचा. शेकडो ओव्या तिने आपल्या तालुक्यातल्या वृद्ध बायकांकडून ऐकून उतरवल्या आणि दळणाच्या प्रहराप्रमाणे, म्हणजे सुरुवातीच्या, भर दळणातल्या आणि सरत्या पायलीच्या ओव्या अशी त्यांची मांडणी केली. आमच्यातल्या एकाचे म्हणणे, "ओव्यांवर इतके काम झाले आहे, यात नवे काय?" दुसऱ्याचे म्हणणे, "सगळेच नवे आहे." वाद चांगला आठवडाभर चालला. तिची तीन-चार वर्षे त्यावर टांगलेली होती, म्हणून तो केवळ चहाच्या टेबलावरचा वाद नव्हता.

विद्यापीठाची आजची कसोटी या वादात उपयोगी नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य टक्केवारीत मोजले जाते; १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे चढत्या पायऱ्या. ती यंत्रणा शब्दांची पुनरावृत्ती पकडते. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत सांगणारा तिच्या जाळ्यातून सुटतो आणि ओवीसारखी सर्वांची ओळ नमूद करणारा त्यात अडकतो. पेटंट परीक्षक नेमका याच्या उलट चालतो. त्याला शब्दांशी घेणे नाही, घटकांशी आहे.

तेव्हा आम्ही प्रबंध दाव्यांत तोडून पाहिला. ओव्यांचा पाठ : तिचा नव्हे, बायकांचा. ओव्यांचे विषयवार वर्गीकरण : पूर्वीच्या संशोधकांचे. प्रहराप्रमाणे ओवी बदलते हे ज्ञान : इथे आम्ही अडलो, कारण दळणाऱ्या बाईला ते ठाऊक होतेच. भारतीय कायद्यात कलम २५ मध्ये यासाठी एक सुंदर तरतूद आहे : स्थानिक किंवा आदिवासी समाजात असलेले ज्ञान, मग ते मौखिक का असेना, एखाद्या पेटंटला विरोध करायचे कारण होऊ शकते. मौखिकाला लिखिताच्या पंगतीत बसवणारे हे कलम वाचून आम्हांला बरे वाटले. मग विद्यार्थिनीचे स्वतःचे काय उरले? उरले ते हे : बदलत्या प्रहराबरोबर ओवीतल्या क्रियापदांचा काळ आणि संबोधने कशी बदलतात याचे तिने दाखवलेले नाते. ते कुठल्याही एका पूर्वीच्या ग्रंथात आम्हांला आढळले नाही, आणि दोन ग्रंथ शेजारी ठेवून ते सहज सुचले असते असेही म्हणवेना. "मॅडम, म्हणजे माझे एवढेच?" तिने विचारले. एवढेच, पण हे तुझे. तिने निष्कर्षांचे प्रकरण नव्याने लिहिले, बायकांना त्यांचे श्रेय नावानिशी दिले आणि स्वतःचा दावा दोन वाक्यांत मांडला. प्रबंध त्यामुळे लहान दिसू लागला आणि भक्कम झाला.

हे साम्य फार ताणू नये, हेही खरे. पेटंट परीक्षक वस्तू चांगली की वाईट हे ठरवत नाही. नवी, सहज न सुचणारी आणि उद्योगात उपयोगी पडणारी असली की त्याचे काम झाले. टीकाकाराला तेवढ्यावर थांबता येत नाही. शिवाय पेटंट दुसऱ्याला रोखण्याचा हक्क देते. ओवीच्या अभ्यासात कोणी कोणाला रोखू लागले, तर अभ्यासच थांबेल.

पण एक प्रश्न आमच्या भाषेचा म्हणून उरतोच. भारतीय पेटंट नियमांनुसार (२००३) अर्जाची कागदपत्रे इंग्रजीत किंवा हिंदीत असावी लागतात. मुंबईत अँटॉप हिलला पेटंट कार्यालयाची इमारत आहे, पण तिथे मराठीत शोध दाखल करता येत नाही. त्याच वेळी पूर्वज्ञानाला मात्र भाषेची अट नाही. १९२८ पासूनचे 'सृष्टिज्ञान' किंवा १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची प्रकाशने, यांतला एखादा लेखही तत्त्वतः जगातल्या कोणत्याही अर्जाला आडवा येऊ शकतो. प्रश्न एवढाच, की तो परीक्षकाला सापडावा कसा? हळदीचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट १९९५ साली दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) ते १९९७ साली रद्द करवून घेतले. आजीला ठाऊक होते, एवढे म्हणून ते रद्द झाले नाही. भारतातले मौखिक ज्ञान तेव्हाच्या अमेरिकी कायद्याला पुरेसे नव्हते. छापील पुरावे शोधून पुढे ठेवावे लागले.

म्हणून आम्ही आता विद्यार्थ्यांना एक साधी गोष्ट सांगतो. जे पाहिले, ऐकले, ते लिहा, तारीख घाला, ज्याच्याकडून ऐकले त्याचे नाव लिहा, आणि ते कपाटात न ठेवता छापा. मराठीत छापले तरी ते जगाच्या पूर्वज्ञानाचा भाग होते. त्या विद्यार्थिनीच्या ओव्यांचा संग्रह छापायला कोणी प्रकाशक मिळेल का, या शोधात सध्या आम्ही आहोत. वाचकांपैकी कोणाला माहीत असल्यास जरूर कळवावे.